पांढऱ्या झाकणाची डबी

शिवलीला हत्तरगे या पोरीला वागायची रीत म्हणून नव्हती. पहिल्यांदा आमच्या दारात आली ती सकाळी सात वाजता, आणि तीही अंजिरं उतरवायच्या दिवसांत. तेव्हा आमच्याकडं माणसाला घोटभर पाणी प्यायला सवड नसते. ना ओळख ना पाळख, पायरीवर उभी राहिली, खांद्यावरची निळी पेटी खाली ठेवली आणि मला म्हणते, "आक्का, तुमच्या घरात दोन महिन्यांचं बाळ आहे ना? मला त्याची शी हवी होती."

माझ्या हातातलं अंजीर पाटीत ठेवायचं राहिलं.

"काय हवं होतं?"

"शी. बाळाची आणि बाळाच्या आईची. थोडीशीच, या डबीत मावेल एवढी." आणि पेटीतून पांढऱ्या झाकणाची एक इवलीशी डबी काढून माझ्यापुढं धरली. कुंकवाचा करंडा धरावा तशी.

"आमच्या दारात माणसं अंजिरं मागायला येतात," मी म्हटलं. "हे मागायला आलेली तू पहिलीच."

दुसरी कुणी असती तर लाजली असती, नाहीतर हसली तरी असती. ही बसलीच पायरीवर, न विचारता. गावातल्या नर्सबाईंनी घर दाखवलं म्हणाली. पुण्याच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत शिकत होती, माहेर लातूरकडचं. आईच्या पोटातले चांगले जंतू बाळाच्या पोटात जातात, त्यांच्यावरच बाळाची तब्येत उभी राहते, तर कुठले जंतू कुठून कुठं गेले ते आम्ही जुळवून बघतो, असं काहीबाही सांगत होती. वर्षभर गावोगाव हिंडून तिनं बावीस आया आणि बावीस बाळं जमवली होती. आमची तेविसावी जोडी.

"जंतू चांगले असतात होय?" मी विचारलं.

"पुष्कळ असतात, आक्का."

"मग आम्ही इतकी वर्षं घासून घासून धुतो ते काय वेडे म्हणून?"

एवढ्यात माझी धाकटी सून सारिका बाळाला खांद्यावर टाकून बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. तिला हसूच आवरेना. म्हणाली, "देऊ की, आत्या. नाहीतरी फेकूनच देतो."

सुनेनं हो म्हटल्यावर मी कशाला आडवी येऊ? पण डबीवर भागलं नाही. पोरीनं पिशवीतून कागद काढला आणि एकेक विचारायला लागली. बाळ कधी झालं, कुठं झालं, अंगावर पितं का. सारिका सांगत गेली. मग म्हणाली, "चौथ्या दिवशी मला जबर ताप भरला. नऊ दिवस दवाखान्यात होते. औषधं अशी होती की डॉक्टर म्हणाले, बाळाला पाजू नका. बाळ घरीच होतं. त्या दिवसांचं आत्यांना विचारा."

पोरीनं मान माझ्याकडं वळवली. "नऊ दिवस बाळानं काय घेतलं, आक्का?"

"डब्याचं दूध. वाटी-चमच्यानं."

"दुसऱ्या कुणी पाजलं का? कधी कधी घरातली एखादी बाई—"

"आमच्या घरात तसलं होत नाही," मी म्हटलं. "लिही तसं."

तिनं लिहिलं. मी दुसरी शिकलेली. कागदाच्या तळाशी एकेक अक्षर कोरून सही केली, अनसूया हिवरकर. ती दोन डब्या बर्फाच्या पेटीत ठेवून निघून गेली आणि मी परत अंजिरांच्या पाटीपाशी बसले. चिकानं बोटं चुरचुरत होती. मनात म्हटलं, गेली एकदाची.

तीन आठवड्यांनी परत हजर. पुन्हा दोन डब्या मागितल्या. "का गं, पहिल्या सांडल्यास का?" तर म्हणे, "खात्री करायची आहे." तोंड सुकलेलं होतं. सारिकानं तिला जेवायला बसवलं तर दोन घास खाऊन उठली. ताटात अन्न टाकलेलं मला चालत नाही, तेही ऐकवलं मी तिला.

तिसऱ्या खेपेला आली तेव्हा भर दुपार होती. बहर संपत आला होता, मी ओट्यावर पाल्याचा कचरा सारत होते. पेटी खांद्यावर होती, पण डबी काही काढली नाही. माझ्याजवळ येऊन बसली आणि एक फोटो पुढं केला.

"आक्का, हे बघा."

फोटोत माणूस नव्हतं. नुसत्या निळ्या आडव्या रेघा, एकीखाली एक, अशा तीन उभ्या पट्ट्या. मला तर लुगड्यांचे काठ शेजारी शेजारी मांडल्यासारखे दिसले.

"हे काय आहे?"

"त्या जंतूंच्या अंगातली प्रथिनं. डाळीत असतात, दुधात असतात, तशी जंतूंच्या अंगातही असतात. आम्ही जंतू वाढवतो, ते फोडतो आणि आतली प्रथिनं विजेच्या जोरावर एका थरातून पळवतो. मोठी मागं राहतात, लहान पुढं पळतात. मग निळा रंग दिला की अशा रेघा उठतात. एका जातीच्या जंतूंच्या रेघा साधारण सारख्याच येतात. पण त्या जातीतसुद्धा घराणी असतात. घराणं बदललं की एखाददुसरी रेघ बदलते."

"म्हणजे काठ एकच, पण बुट्टी वेगळी."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "अगदी तसंच. आता ही पहिली पट्टी दुसऱ्या गावातल्या एका आईची. ही दुसरी तिच्या बाळाची. जुळतात का सांगा."

मी फोटो डोळ्यांपासून लांब धरला. आयुष्यभर मी लुगडी घेतली ती काठ बघून, दुकानदाराच्या जिभेवर विसंबून नव्हे. दोन्ही पट्ट्या रेघेला रेघ जुळत होत्या.

"जुळतात."

"ही तिसरी तुमच्या बाळाची. आणि हा दुसरा फोटो, यातली पट्टी सारिकाताईंची."

मी दोन्ही फोटो मांडीवर शेजारी ठेवले. वरच्या रेघा सारख्या होत्या. पण मध्यावर सारिकाच्या पट्टीत दोन जाड रेघा होत्या, तिथं बाळाच्या पट्टीत एकच, आणि तिच्याखाली एक बारीक, फिकट रेघ. ती सारिकाच्यात कुठंच नव्हती.

"हे कापड एकाच थानातलं नाही," माझ्या तोंडून निघून गेलं.

"दोनदा केलं, आक्का. दोन्ही वेळा हेच." तिचा आवाज बारीक झाला होता. "सारिकाताईंना जबर औषधं चालली होती, त्यात त्यांचे जंतू मेले असतील, हे आमच्या मॅडमना पटतं. पण मग बाळाच्या पोटात हे घराणं आलं कुठून? डब्यातून ते येत नाही. ते माणसाकडूनच येतं, आणि बाळाच्या पोटात इतकं भरभरून वाढलंय म्हणजे दुधाबरोबरच आलं असणार, असं मॅडम म्हणतात. एकतर नमुना खोटा, नाहीतर कागद खोटा. त्यांना वाटतं, मी उन्हातान्हात इथवर आलेच नाही. जवळपासच्या दुसऱ्याच कुठल्या बाळाचं भरून नेलं आणि नाव तुमचं लावलं."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. एक डबी खोटी निघाली की बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार? बावीसच्या बावीस जोड्या टाकून द्यायच्या. आणि मलाही तिथून काढायचं. सोमवारी काय ते सांगणार आहेत."

मी पाल्याचा एक काटका उचलला आणि उगाच मोडत बसले.

"म्हणून एकदाच विचारायला आले. तो कागद खरा आहे ना, आक्का?"

आणि मी म्हटलं, "मी सही केलीय ना त्याच्यावर?"

आज इतक्या वर्षांनी सांगताना जीभ अडखळते, पण त्या दिवशी ती जराही अडखळली नाही. पोरीनं मान हलवली. फोटो पाकिटात घातले. रडली नाही, भांडली नाही. पिशवीतून एक कोरा कागद काढला आणि गुडघ्यावर वही धरून लिहायला लागली.

"काय लिहितेस?"

"मॅडमना पत्र. डब्यांची अदलाबदल माझ्याच हातून झाली असं लिहून देते. कुठं झाली ते मला सापडत नाही, पण माझ्याकडूनच झाली असणार. मी तेच म्हणाले मॅडमना. त्या घरातल्या आक्का तोंडाच्या फटकळ आहेत, पण खोटं कशाला बोलतील?"

चुलीतलं लाकूड पायावर पडावं तसं झालं मला. मला कुणी खोटारडी म्हटलं असतं तर मी तिला उभी चिरली असती. पण ही माझ्या शब्दाखातर आपलं वर्षाचं काम पाण्यात घालायला बसली होती, तेही माझ्याच ओट्यावर. सारिका आत बाळाला झोपवत होती. तिच्या गुणगुणण्याचा आवाज बाहेर येत होता.

"डबी आहे का तुझ्याकडं?" मी विचारलं.

"आहे. कशाला?"

"इकडं आण. आणि ते पत्र थांबव जरा."

डबी पदराआड धरून मी मागच्या अंगणात गेले. तिथं मध्ये पत्रे ठोकलेले होते. पलीकडं माझी थोरली सून वैजयंता राहायची. ते पत्रे थोरल्या लेकानं ठोकले होते, सारिकाच्या लग्नानंतर आठव्या दिवशी. कारण मी होते.

वैजयंताची दोन मुलं जन्मली तशीच गेली होती. सारिकाच्या लग्नात नव्या नवरीची ओटी भरायची वेळ आली, तेव्हा थोरली म्हणून वैजयंता ताट घेऊन पुढं झाली. मी भर मांडवात तिच्या हातातून ताट काढून घेतलं आणि शेजारणीच्या सुनेकडं दिलं. "शुभाच्या वेळी नको," एवढंच म्हणाले. तिला तेव्हा पाचवा महिना लागला होता. चार महिन्यांनी पत्र्यांपलीकडून मुलीचं रडणं ऐकू आलं. सारं गाव बघून आलं. मी गेले नाही. तिनं यायला हवं, मी का जाऊ, असं मला वाटत होतं. अशी माझी अक्कल.

मग सारिकाचं बाळ झालं, ती तापानं दवाखान्यात गेली. डब्याचं दूध बाळाच्या पोटात ठरेना. दीड दिवसात त्याचं रडणं इतकं बारीक झालं की मांजराचं पिलू कुठं अडकलंय असं वाटावं. दुपारी मी त्याला उचललं आणि पत्र्यांत धुण्याच्या दगडापाशी एक फट होती, तिच्यातून पलीकडं गेले. वैजयंता कपडे धूत होती. मी काही बोलले नाही. तीही बोलली नाही. तिनं हात पुसले, बाळ घेतलं आणि पाठ करून बसली. बाळ गप्प झालं.

दिवसातून पाच-सहा वेळा, सारिका परत येईपर्यंत. तिची लेक तेव्हा आठ महिन्यांची होती, तिच्या तोंडचं काढून ती माझ्या नातवाला पाजत होती. शेवटच्या दिवशी मी तिला काय म्हटलं? "ही गोष्ट या पत्र्यांच्या बाहेर जायला नको." ती "बरं" म्हणाली. आणि सारिका घरी आल्यावर मी तिला सांगितलं की, बाळ डब्याच्या दुधावर मी जगवलं, आणि तुझ्या जाऊबाईनं एकदा डोकावूनसुद्धा पाहिलं नाही.

हे शेवटचं कशाला सांगितलं, ते माझं मलाही कळलेलं नाही.

तर मी त्याच फटीतून पलीकडं गेले. वैजयंता धुणं वाळत घालत होती. तिची लेक जुई बादलीला धरून उभी होती, नुकतीच पाय टाकायला लागलेली.

"वैजयंता," मी म्हटलं. दीड वर्षात ते नाव घेतलं नव्हतं मी.

तिनं आधी मला पाहिलं, मग डबी. "आता काय आणलंत?"

"यात तुझी... ती पुण्याची पोरगी आलीय बघ. तिला पाहिजे."

"माझी काय पाहिजे?"

साठ वर्षांची बाई मी, गावात कुणाचं ऐकून न घेणारी, त्या दगडापाशी पोरीसारखी घुटमळत उभी होते. कसंबसं सांगितलं. वैजयंतानं डोळे मोठे केले आणि मग हसायलाच लागली. दोरीला धरून हसली, पदर तोंडात कोंबून हसली. जुईसुद्धा काही न कळता खिदळायला लागली.

"हसू नको गं. पोरीचं सगळं शिकणं अडलंय. बाळाच्या पोटातले जंतू सारिकाशी जुळत नाहीत. तुझ्याशी जुळले तर पोरगी सुटेल."

तिचं हसू थांबलं. "म्हणजे त्याच्या पोटात अजून माझं आहे?"

"ती म्हणते तसं."

वैजयंता वळली आणि एका ओल्या पोलक्याची घडी घालायला लागली. वाळत घालायचं ते घडी घालत होती. मग विचारलं, "सारिकाला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग मी नाही देणार."

"का?"

"तेव्हा तुम्ही या फटीतून आलात, मी काही विचारलं नाही. तान्हं होतं, उपाशी होतं. आज कुणी उपाशी नाही. आज तुमचं काम आहे, आत्या. पुढच्या दारानं या. सारिकाला बरोबर घेऊन या आणि तिच्यादेखत मागा. मग एक कशाला, दहा डब्या देते."

माझा पारा चढला. मला अटी घालते? मांडवातलं ताट आठवत होतं की नव्हतं कुणास ठाऊक, पण जीभ उचलली गेली होती. तेवढ्यात जुई बादली सोडून दोन पावलं माझ्याकडं आली, तोल गेला आणि माझ्या लुगड्याला धरून उभी राहिली. वर तोंड करून बघत होती, कोण ही बाई म्हणून. मी तिचे हात सोडवले, बादलीला लावले आणि परत फिरले.

ओट्यावर पोरगी पत्राच्या शेवटच्या ओळीवर आली होती. सारिका तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"सारिका, बस खाली," मी म्हटलं. "आणि तू गं, कान देऊन ऐक. तो कागद खोटा आहे."

मी उभ्या उभ्या सांगितलं. बसले असते तर सगळं बाहेर आलं नसतं. ताटाचं सांगितलं, फटीचं सांगितलं, नऊ दिवसांचं सांगितलं. पोरगी पेन धरून तशीच राहिली. सारिकाच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी तिच्या पायावर सांडत होतं, तिचं लक्ष नव्हतं.

"म्हणजे जाऊबाईंनी पाजलं?"

"हो."

"आणि तुम्ही मला म्हणालात, तिनं डोकावून पाहिलं नाही."

"म्हणाले."

"आत्या, मी त्यांच्याकडं बघून तोंड फिरवते. तीन महिने. पाणवठ्यावर, दुकानात, जिथं दिसतील तिथं. परवा त्यांनी बाळाकडं बघून हात पुढं केला तर मी बाळाला पदराखाली झाकलं." तिनं तांब्या खाली आदळला. "दूध कुणाचंही असू द्या हो. पण हे कशाला केलंत?"

मी म्हटलं, "बाळाला उचल. पुढच्या दारानं जायचंय."

पुढच्या दारानं म्हणजे आमच्या ओट्यावरून उतरायचं, गल्लीनं वळायचं आणि साऱ्या आळीदेखत वैजयंताच्या पायरीशी जायचं. पन्नास पावलंसुद्धा नाहीत. मी पुढं, सारिका बाळ घेऊन मागं, तिच्यामागं ती पोरगी पेटीसकट. शेजारची ठकूबाई दारात गहू निवडत बसली होती. सूप तिथंच थांबलं.

"आक्का, आज इकडं कुठं?"

"मोठ्या सुनेकडं," मी म्हटलं, मोठ्यानं. पलीकडच्या आळीलाही ऐकू गेलं असेल.

वैजयंता दारातच होती. आम्ही येतो की नाही हे बघत उभी असावी. मी तोंड उघडायच्या आत सारिका माझ्या बाजूनं पुढं गेली आणि तिनं बाळ वैजयंताच्या हातात ठेवलं. पायाला हात लावायला वाकली तर वैजयंतानं एका हातानं तिला धरलं, दुसऱ्या हातावर बाळ. बाळानं तिचं मंगळसूत्र पकडलं आणि सरळ तोंडात घातलं.

"अगं, काढ काढ, मणी गिळेल," वैजयंता म्हणाली, आणि मग दोघी एकदमच रडायला लागल्या.

मी पायरीखालीच उभी होते. जुई उंबऱ्याला धरून माझ्याकडं बोट दाखवत होती.

"आजी आहे ती," वैजयंता लेकीला म्हणाली. "आज आलीय."

आज आलीय. मांडवात मी तिला जे बोलले त्याची फेड तिनं या दोन शब्दांत केली. मी ती घेतली. पदराआडची डबी काढून पुढं धरली आणि म्हटलं, "वैजयंता, या पोरीसाठी दे. आणि माझं चुकलं."

माझ्या आयुष्यात हे वाक्य मी माझ्या नवऱ्यालासुद्धा ऐकवलेलं नव्हतं.

"उद्या सकाळी," ती म्हणाली. "आत्ता कुठून देऊ?" आणि रडता रडता पुन्हा तिला ते दोरीपाशीचं हसू आलं. "आत या, आत्या. उन्हात किती वेळ उभ्या राहता."

दुसऱ्या दिवशी डबी पोरीच्या पेटीत गेली. नवा कागद लिहिला, त्याच्यावर मी परत सही केली. सोमवारी तिच्या मॅडमनी तिला काढलं नाही, थांबवून ठेवलं. रेघा उठायला वेळ लागतो म्हणे.

पंधरवड्यानं पोरगी आली. या वेळी तिच्या हातात पेटी नव्हती, फक्त फोटो होता. माझ्या ओट्यावर दोन्ही सुना बसल्या होत्या, मध्ये दोन्ही पोरं लोळत होती. मागचे पत्रे अजून जागेवरच होते, लेकाला अजून सवड झाली नव्हती. पण दोघींचं येणं-जाणं पुढच्या दारानं चालू झालं होतं. पोरीनं फोटो मधोमध ठेवला. तीन पट्ट्या. सारिकाची वेगळी. बाळाची आणि वैजयंताची शेजारी शेजारी, रेघेला रेघ. ती खालची बारीक, फिकट रेघसुद्धा दोन्हींत होती. वैजयंता तिच्यावर बोट ठेवून कितीतरी वेळ बसली. मग म्हणाली, "हा मला मिळेल का?" पोरीनं तो फोटो तिलाच आणला होता.

"मॅडम म्हणाल्या, सगळ्या जोड्यांत हीच सगळ्यात महत्त्वाची निघाली," पोरगी सांगत होती. डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू. "बावीसच्या बावीस राहिल्या. मी पण राहिले." आणि एकदम उठून माझ्यापुढं आली, दोन्ही हात जोडले. "आक्का, तुम्ही खरं बोललात म्हणून माझं सगळं वाचलं. तुमचे उपकार—"

"हात खाली कर," मी म्हटलं. "सुनांच्यादेखत माझी शोभा करू नकोस. तुझं बुडत होतं ते माझ्यामुळं, आणि वाचलं ते या थोरलीमुळं. पाया पडायचं तर तिच्या पड. तू पोरगी हुशार आहेस, गं. डोळ्यांना दिसत नाहीत त्या किड्यांची घराणी ओळखतेस. पण डोळ्यांपुढं बसलेली म्हातारी खोटं बोलतेय ते तुला ओळखता आलं नाही. केस पांढरे बघितलेस आणि लिहून मोकळी झालीस. यापुढं कुणाच्या दारात गेलीस तर आधी सासूला कसल्यातरी कामाला लावून बाहेर काढ आणि सुनांना विचार."